कंबरदुखी आणि सायटिका: कळ पायात कुठवर उतरते, यावरून ठरवायचे उपाय

भातलावणी आटोपत आली की कोकणातल्या आरोग्य केंद्रांच्या बाकांवर कंबर धरून बसलेली माणसे दिसू लागतात. आंब्याच्या हंगामात क्रेट उचलणारे, चिरेखाणीवर राबणारे, बंदरावर बुटक्या पाटावर बसून दिवसभर मासळी विकणाऱ्या आणि मुंबई-गोवा महामार्गाचे खड्डे सोसत रात्रभर बसून गावी पोहोचलेले चाकरमानी, अशी प्रत्येकाची कारणे वेगळी असली तरी तक्रार सारखीच असते: कंबर आखडली आहे, आणि काहींच्या बाबतीत कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ जाते, तीच सायटिका. यातल्या बहुतेकांना शस्त्रक्रियेची गरज नसते आणि अंथरुणाला खिळून राहण्याचीही नसते. कोणती हालचाल करायची, किती करायची आणि कोणती काही दिवस टाळायची, हे मात्र ठरवावे लागते. ते ठरवण्यासाठी लागणारी खूण रुग्णाला स्वतःलाच कळू शकते, ती म्हणजे कळ पायात कुठवर उतरते. दुखणे किती आहे यापेक्षा ते कुठवर पोहोचते याकडे लक्ष ठेवणारा माणूस लवकर सावरतो, असे माझे मत आहे आणि पुढचे बहुतेक उपाय त्याच खुणेवर बेतलेले आहेत.

दुखणे नेमके कोणते ते ओळखणे

कंबरेत पाच मणके असतात आणि दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते, जिला बोलण्यात आपण गादी म्हणतो. चकतीचे बाहेरचे कडे चिवट असते आणि आतला गर मऊ असतो. वयोमानाने, वारंवार वाकण्याने किंवा वाकून पिळा देत वजन उचलल्याने हे कडे कमकुवत झाले की आतला गर मागे आणि एका बाजूला फुगतो किंवा बाहेर येतो आणि शेजारून जाणाऱ्या नसेच्या मुळावर टेकतो. केवळ दाबामुळे नव्हे, तर गरातल्या द्रव्यांमुळे नसेला सूज येऊनही कळ उठते. कंबरेचे चौथे-पाचवे आणि माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीतले पहिले तीन अशा मुळांपासून सायटिक नस तयार होते. ती शरीरातली सर्वांत जाड नस आहे. कुल्ल्यातून मांडीच्या मागच्या बाजूने ती खाली जाते आणि म्हणून बिघाड कंबरेत असला तरी दुखते पोटरीत किंवा पावलात. सायटिका आणि चकती यांचे हे नाते मिक्स्टर आणि बार या अमेरिकी शल्यविशारदांनी १९३४ साली स्पष्टपणे मांडले.

दुखणे कंबरेत, कुल्ल्यात किंवा फार तर मांडीच्या वरच्या भागात असेल, बोथट असेल आणि कूस बदलताना चमक भरत असेल, तर ते बहुधा स्नायू, सांधे किंवा चकतीच्या कड्याचे असते आणि त्यात नस अडकलेली नसते. गुडघ्याच्या खाली उतरणारी, जळजळणारी, मुंग्या आणणारी आणि खोकला-शिंक आली की उसळणारी कळ ही नसेची असते. ती पावलाच्या वरच्या भागावरून अंगठ्याकडे जात असेल तर सहसा कंबरेच्या पाचव्या मुळाची असते. टाचेकडून करंगळीच्या कडेने जात असेल तर त्याच्या खालच्या मुळाची. बहुतेक रुग्णांमध्ये बिघाड शेवटच्या दोन चकत्यांतच असतो.

साठीच्या पुढच्या माणसांची गोष्ट थोडी वेगळी असते. त्यांच्यात मणक्यातली नसांची वाट अरुंद झालेली असू शकते. अशा माणसाला बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर बरे वाटते, पण उभे राहिले किंवा चालले की दोन्ही पाय जड होतात. गावातल्या जांभ्याच्या घाटीवर हा फरक चांगला कळतो: चढताना शरीर पुढे झुकते म्हणून त्रास कमी, उतरताना पाठ मागे जाते म्हणून जास्त. चालण्याने पोटऱ्या भरून येत असतील आणि नुसते उभे राहिल्यानेच आराम पडत असेल, वाकावे लागत नसेल, तर मात्र पायाच्या रक्तवाहिन्या तपासून घ्याव्यात, विशेषतः मधुमेह असल्यास किंवा बिडी-सिगारेटची सवय असल्यास.

घरगुती उपायांच्या आधी तपासायच्या गोष्टी

काही लक्षणे असतील तर हा लेख बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे. लघवी अडकणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, सायकलच्या सीटवर टेकतो तो भाग बधिर होणे, दोन्ही पायांतली ताकद झपाट्याने कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर मणक्याच्या तळाच्या नसांचा झुपका दबलेला असू शकतो. यात शस्त्रक्रिया तातडीने, शक्यतो पहिल्या ४८ तासांच्या आत व्हावी लागते, आणि उशीर झाल्यास लघवीचा त्रास कायमचा राहू शकतो. आपल्याकडे एमआरआय आणि मणक्याचा शल्यविशारद एकाच ठिकाणी मिळण्यासाठी सिंधुदुर्गातून अनेकदा गोव्यातल्या बांबोळीला आणि रत्नागिरीतून कोल्हापूर किंवा मुंबईला जावे लागते. प्रवासातच बरेच तास जाणार हे धरून चालावे आणि "सकाळपर्यंत बघू" म्हणून रात्र काढू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी आणि ही लक्षणे फोनवरच स्पष्ट शब्दांत सांगावीत.

एका पायातली ताकद घरीच तपासता येते. भिंतीला हात लावून दहा पावले टाचांवर चालावे आणि मग त्या पायावर एकट्याने उभे राहून टाच दहा वेळा उचलावी. पावलाचा पुढचा भाग उचलला जात नसेल किंवा टाच उचलता येत नसेल, तर दुखणे कमी असले तरी दोन-तीन दिवसांत डॉक्टरांना दाखवावे. कित्येकांच्या हे आधी लक्षात येत नाही, मात्र चालताना एकाच पायातली चप्पल सारखी सुटते अशी तक्रार ते सहज बोलता बोलता करतात. ती खूण हलक्यात घेऊ नये.

ताप हा सायटिकाचा भाग कधीच नसतो. पावसाळ्यात चिखलात काम करणाऱ्याला ताप आला, पोटऱ्या आणि कंबर ठणकू लागली, डोळे लाल झाले, तर तो लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे दूषित पाण्या-चिखलातून होणारा जंतुसंसर्ग, असू शकतो. लावणीने अंग आंबले असेल असे समजून दुखण्याच्या गोळ्या घेत बसणे यात धोक्याचे आहे, कारण या आजारात मूत्रपिंडांना इजा होते आणि त्याच गोळ्या मूत्रपिंडांवरचा ताण वाढवतात. वेळेवर प्रतिजैविके मिळाली तर आजार आटोक्यात येतो, म्हणून त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. आठवडेच्या आठवडे चाललेली कंबरदुखी, संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम आणि वजनात घट असे चित्र असेल तर मणक्याच्या क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी. पूर्वी कर्करोग झालेला असणे, दीर्घकाळ स्टेरॉइड चालू असणे, झाडावरून पडणे, किंवा वयस्क बाईला साध्या घसरण्यानंतर कंबरेत असह्य वेदना होणे यांतही आधी एक्स-रे आणि मग व्यायाम. बरगडीखालून जांघेकडे जाणारी, कोणत्याही स्थितीत चैन पडू न देणारी आणि उलटी आणणारी कळ बहुधा मूतखड्याची असते.

पहिले दोन-तीन दिवस

कळ जोरात असताना दिवसातून काही वेळ आडवे होण्यास हरकत नाही, पण सलग दोन दिवसांपेक्षा अधिक झोपून राहू नये. झोपून राहिलेली माणसे चालती-फिरती राहिलेल्यांपेक्षा लवकर बरी होत नाहीत, हे अनेक चाचण्यांत दिसले आहे. आराम देणाऱ्या स्थिती तीन. पाठीवर झोपून पोटऱ्या खुर्चीवर किंवा रचलेल्या उशांवर ठेवणे, म्हणजे कंबर आणि गुडघे काटकोनात राहतात. कुशीवर झोपून दोन गुडघ्यांमध्ये उशी घेणे. किंवा पालथे झोपणे. ज्या स्थितीत पायातली कळ वर सरकते ती आपली. जमिनीवर सतरंजी टाकून झोपण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण कंबरदुखीत फार कडक जागेपेक्षा मध्यम कडक गादी बरी पडते. शिवाय जमिनीवरून उठणे हेच अनेकांना सर्वांत अवघड जाते.

उठताना सरळ पुढे उठून बसू नये. आधी गुडघे वाकवून पूर्ण अंगाने एकदम कुशीवर वळावे, खांदा आणि कंबर एकत्र वळली पाहिजेत. मग पाय खाटेखाली सोडत कोपर आणि हाताने रेटा देऊन बसावे. जमिनीवर असल्यास कुशीवरून हात-गुडघ्यांवर यावे, एक पाऊल पुढे टेकावे आणि त्याच मांडीवर हात दाबून उठावे. शिंक येणार असे वाटले की एका हाताने भिंत किंवा टेबल धरून किंचित मागे वाकावे. शिंकताना पुढे दुमडलेली कंबर त्या क्षणी फार दाब सोसते. भारतीय पद्धतीच्या शौचालयात उकिडवे बसणे या दिवसांत जड जाते, तेव्हा मध्ये भोक असलेली प्लास्टिकची खुर्ची वापरावी आणि पोट साफ राहील असे खाणे-पिणे ठेवावे, कारण कुंथण्यानेही कळ उसळते.

शेक अवश्य द्यावा. गरम पाण्याची पिशवी, मिठाची पुरचुंडी किंवा निर्गुंडीचा पाला घालून उकळलेल्या पाण्यात पिळलेला पंचा, काहीही चालते, पंधरा-वीस मिनिटे. मात्र मधुमेही माणसाने किंवा त्वचा बधिर झालेल्याने शेक आधी दुसऱ्याच्या हातावर तपासून घ्यावा, नाहीतर भाजल्याचे फोड उठेपर्यंत कळत नाही. तेल हलके चोळण्याने बरे वाटते ते घ्यावे. उसण भरली की पायाळू माणसाकडून कंबरेला पाय लावून घेण्याची चाल आपल्याकडे अजून आहे. नुसता पाय लावण्याने बिघडत काही नाही, पण लाथ मारणे, पाठीवर उभे राहणे आणि "मणका बसवण्यासाठी" झटका देणे हे प्रकार पायात कळ उतरत असताना किंवा हाडे ठिसूळ असताना करू देऊ नयेत.

आपली दिशा शोधणे

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्यासाठी घाई करू नये. १९५६ साली न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमध्ये रॉबिन मॅकेन्झी या फिजिओथेरपिस्टच्या दवाखान्यात पायात कळ असलेला एक रुग्ण डोक्याकडची बाजू उचललेल्या टेबलावर चुकून पालथा झोपला आणि कंबर मागे वाकलेल्या अवस्थेत काही मिनिटे राहिल्यावर त्याच्या पायातली कळ ओसरली. या प्रसंगावरून मॅकेन्झी यांनी पुढे अशी पद्धत बांधली की रुग्णाने एकाच दिशेची हालचाल पुन्हा पुन्हा करावी आणि वेदना कुठे सरकते ते पाहावे. पोटरीतली कळ मांडीत, मांडीतली कुल्ल्यात आणि शेवटी कंबरेच्या मध्यावर आली तर दिशा बरोबर आहे. या प्रवासात कंबरेतले दुखणे काही काळ वाढूही शकते. त्याने घाबरून जाऊ नये, पाय मोकळा होत आहे ना, एवढेच पाहावे. कंबरेत हलके वाटते, पण पावलात नव्याने मुंग्या येतात, असे झाले तर मात्र ती हालचाल लगेच थांबवावी.

सुरुवात पालथे झोपण्यापासून करावी. ओटीवर किंवा पडवीत सतरंजी अंथरून हात अंगालगत, मान एका बाजूला अशा स्थितीत दोन-तीन मिनिटे राहावे. सोसत नसेल तर पोटाखाली उशी घ्यावी आणि पुढच्या वेळी ती पातळ करावी. हे जमले की कोपरांवर टेकून छाती उचलावी आणि पुन्हा दोन-तीन मिनिटे शांत श्वास घ्यावा. त्यानंतर तळहात खांद्यांखाली ठेवून कोपरे हळूहळू सरळ करत धड वर उचलावे, एक-दोन सेकंद थांबून खाली यावे. असे दहा वेळा. सूर्यनमस्काराची सवय असलेले इथे हटकून भुजंगासन करतात. भुजंगासनात पाठीचे स्नायू काम करतात, तर या व्यायामात सगळे काम हातांचे असते, कुल्ले आणि कंबर सैल सोडलेले असतात आणि ओटीपोट जमिनीकडे झुकते राहते. कुल्ले आवळलेले असतील तर कंबर हवी तेवढी मागे वाकत नाही.

दहा वेळा करून उठल्यावर दोन मिनिटे चालावे आणि कळ कुठवर आहे ते बोटाने दाखवता येईल इतके नेमके पाहावे. कळ वर सरकली असेल तर दर दोन-तीन तासांनी हाच व्यायाम करावा आणि त्या दिवसांत पुढे वाकून बसणे, जमिनीवर मांडी घालून जेवणे, दुचाकीचा लांबचा प्रवास ही उलट्या दिशेची कामे टाळावीत. दिवसभरात पाच वेळा पाठ मागे वाकवायची आणि तीन तास विळीवर बसून नारळ खवायचे, याने काही साधत नाही. व्यायामाने कळ खाली उतरली आणि पंधरा मिनिटांनंतरही तिथेच राहिली, तर ही दिशा आपली नव्हे.

वर सांगितलेल्या वयस्क माणसांना, ज्यांना वाकल्यावर बरे वाटते, त्यांनी पाठ मागे वाकवण्याच्या फंदात पडू नये. त्यांनी पाठीवर झोपून एकेक, मग दोन्ही गुडघे छातीकडे घ्यावेत, खुर्चीवर बसून हळूहळू पुढे झुकावे आणि चालणे लहान टप्प्यांत करावे. कुणाची कंबर एका बाजूला वाकडी झालेली दिसत असेल, किंवा तीन-चार दिवसांच्या प्रयत्नानंतरही कोणतीच दिशा लागू पडत नसेल, तर फिजिओथेरपिस्टची गाठ घ्यावी. वाकडी कंबर आधी बाजूने सरळ करावी लागते आणि ते काम स्वतःहून नीट होत नाही.

चालणे आणि नस मोकळी ठेवणे

चालणे पहिल्या दिवसापासून, पण कळ खाली उतरण्याआधी थांबायचे या बोलीवर. पाच मिनिटे जमत असतील तर पाच मिनिटे, दिवसातून सहा वेळा. किनाऱ्यावर चालायला जाणाऱ्यांनी कोरड्या वाळूत पाय रुतवत चालू नये, ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या घट्ट आणि सपाट पुळणीवर चालावे. पाण्याच्या दिशेने उतरती असलेली वाळू एक पाय सतत खाली ठेवते आणि कंबर तिरपी होते. सड्यावरचा सपाट कातळ उन्हाळ्यात उत्तम, पावसाळ्यात शेवाळलेला असल्याने वर्ज्य. पावसाच्या दिवसांत शाळेची पडवी किंवा देवळाचा सभामंडप पुरतो.

पहिला आठवडा गेला आणि कळ थोडी निवळली की नसेला तिच्या वाटेत सरकते ठेवण्याचा व्यायाम सुरू करावा. खुर्चीवर ताठ बसून दुखऱ्या पायाचा गुडघा सरळ करताना नजर छताकडे न्यावी, गुडघा वाकवताना हनुवटी छातीकडे आणावी. एका टोकाला नस ताणली जाते तेव्हा दुसऱ्या टोकाला ढिली होते, त्यामुळे ती ताण न बसता पुढे-मागे सरकते. दहा-बारा वेळा, दिवसातून दोनदा. मुंग्या येण्याच्या अलीकडेच थांबायचे आहे. पायरीवर टाच ठेवून वाकून मांडीची मागची शीर ताणण्याचा जो व्यायाम सगळे सुचवतात, तो सायटिकात पहिल्या काही आठवड्यांत करू नये. तिथे ताणला जातो तो स्नायू असे वाटते, पण बहुधा ताण चिडलेल्या नसेवर येतो.

गोळ्या, पट्टा आणि तपासण्या

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गटातल्या गोळ्या काही दिवस थोडा आराम देतात, पण जठरात व्रण असणे, मूत्रपिंडाचा विकार, हृदयविकार किंवा वाढलेला रक्तदाब असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. केवळ पॅरासिटॅमॉलचा नव्या कंबरदुखीत निव्वळ नावापुरत्या, औषध नसलेल्या गोळीपेक्षा अधिक उपयोग होत नाही, असे २०१४ च्या एका मोठ्या ऑस्ट्रेलियन चाचणीत दिसले. "नसेची गोळी" म्हणून सर्रास लिहिली जाणारी प्रीगॅबालिनही २०१७ च्या चाचणीत सायटिकावर सरस ठरली नाही, उलट चक्कर आणणारी ठरली. ती आधीपासून चालू असेल तर मात्र एकदम बंद करू नये, डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करत आणावी. बाजारात मिळणाऱ्या, घटक न लिहिलेल्या पुड्यांपासून दूर राहावे. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार उघडकीला आलेले आहेत, आणि दोन दिवसांत जादू करणाऱ्या औषधावर तर जास्तच संशय घ्यावा. कमरेचा पट्टा कामाच्या दोन-चार तासांपुरता, तोही काही आठवडेच वापरावा.

एमआरआयची घाई करू नये. कंबर अजिबात दुखत नसलेल्या लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या आणि ३० टक्के लोकांच्या फुगलेल्या आढळल्या. ऐंशीच्या वयात हे प्रमाण अनुक्रमे ९६ आणि ८४ टक्के होते. अहवालात लिहिलेला प्रत्येक "बल्ज" (फुगवटा) दुखण्याचे कारण नसतो, पण तो वाचून माणूस वाकायलाही घाबरतो आणि त्या भीतीनेच कंबर अधिक आखडते. बाहेर आलेला गर बऱ्याच वेळा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते. बहुतेकांची पायातली कळ सहा ते बारा आठवड्यांत बरीच कमी होते. वर सांगितलेली धोक्याची लक्षणे असल्यास, ताकद कमी होत असल्यास किंवा सहा आठवडे नीट प्रयत्न करूनही कळ झोपू देत नसल्यास एमआरआय करावा आणि त्या वेळी शस्त्रक्रियेचा विचारही मोकळ्या मनाने करावा. शस्त्रक्रियेने पायातली कळ लवकर थांबते, हा तिचा खरा फायदा आहे. वर्षभरानंतर शस्त्रक्रिया झालेले आणि थांबून राहिलेले यांच्यात फारसा फरक उरत नाही, असे नेदरलँड्समधल्या चाचणीत दिसले आहे. ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर आहे त्याला ते मधले महिने परवडतात की नाही, हा प्रश्न वैद्यकीय नसला तरी निर्णयात त्याला जागा असली पाहिजे.

ताकद

कळ गुडघ्याच्या वर आली की तीन व्यायाम पुरेत. पाठीवर झोपून गुडघे वाकवून कुल्ले उचलणे. हात-गुडघ्यांवर येऊन उजवा हात आणि डावा पाय, मग उलट, असे सरळ करून आठ-दहा सेकंद धरणे. कुशीवर झोपून कोपर आणि गुडघ्यावर कंबर उचलून धरणे. तिन्ही एक दिवसाआड, प्रत्येकी आठ-दहा वेळा. उठून बसण्याचे पोटाचे व्यायाम टाळावेत.

कामाला परत जाताना

पूर्ण बरे वाटेपर्यंत काम थांबवणे कोकणातल्या बहुतेकांना शक्य नसते आणि आवश्यकही नसते, पण काम बदलून करावे लागते. रात्रभर आडवे असताना चकत्या पाणी शोषून फुगतात, म्हणून उठल्यानंतरच्या पहिल्या तासात वाकणे सर्वांत जड जाते. आपल्याकडे नेमके त्याच वेळी आखूड केरसुणीने अंगण झाडले जाते आणि पाणी भरले जाते. ही कामे तासभर पुढे ढकलावीत किंवा झाडण्यासाठी लांब दांड्याचा झाडू घ्यावा. एवढ्याशा बदलाने पडणारा फरक घरातल्या बायांना आठवड्याभरात जाणवतो.

लावणीत दर पंधरा-वीस मिनिटांनी उभे राहून, तळहात कुल्ल्यांवर टेकून पाच-सहा वेळा मागे वाकावे. डाव्या हातात रोपे धरून उजव्या हाताने लावताना डावे कोपर डाव्या मांडीवर टेकले तर धडाचा बराच भार कंबरेऐवजी मांडीवर येतो. तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, जुड्या आधीच हाताशी येतील अशा टाकून घ्याव्यात. खरी इजा बरेचदा मागची जुडी घेण्यासाठी वळताना होते: पावले चिखलात रुतलेली असतात, ती हलत नाहीत आणि सगळा पीळ कंबरेत पडतो. आधी पाय उपसून पाऊल वळवावे, मग अंग वळवावे. ज्याला महिन्यापूर्वीच सायटिका झालेला आहे त्याने या वर्षी लावणीची ओळ न धरता जुड्या पोहोचवण्याचे, चालते काम घ्यावे. घरच्यांनीही तसे आधी बोलून ठेवावे, कारण शेतात उतरल्यावर मागे राहणे कुणालाच जमत नाही.

वजन उचलण्याबाबत "गुडघे वाकवा, कंबर ताठ ठेवा" हे वाक्य सगळ्यांना पाठ असते, पण केवळ उचलण्याची पद्धत शिकवल्याने कंबरदुखी टळते असे चाचण्यांत फारसे दिसलेले नाही. मला तीन गोष्टी अधिक महत्त्वाच्या वाटतात: ओझे पोटाशी लागलेले असावे, उचलताना पीळ नसावा आणि ओझे मुळात कमी असावे. जांभ्याचा चिरा सहज पंचवीस-तीस किलोंच्या घरात जातो. तो हात लांबवून जमिनीवरून उचलण्यापेक्षा आधी उभा करून मांडीशी ओढावा. आंब्याचे क्रेट जमिनीवर न ठेवता दोन रिकाम्या क्रेटांवर ठेवले तर वाकणे निम्म्याने वाचते. डोक्यावरची पाटी किंवा भारा चालताना फारसा त्रास देत नाही, त्रास होतो तो चढवताना आणि उतरवताना, म्हणून त्या दोन्ही वेळी दुसरा माणूस घ्यावाच.

मासळी बाजारात बसणाऱ्यांनी पाटाऐवजी पालथ्या क्रेटवर बसावे, म्हणजे कुल्ले गुडघ्यांच्या पातळीला येतात, आणि गिऱ्हाईक नसले तरी अर्ध्या तासाने उठावे. एसटीत मागच्या चाकाच्या पलीकडचे बाक टाळावे, कंबरेमागे पंच्याची गुंडाळी ठेवावी आणि प्रत्येक थांब्यावर उतरून मागे वाकावे. गणपतीला येणाऱ्यांनी पोहोचल्याबरोबर सामान उतरवायला घेऊ नये. रात्रभर बसून आलेली कंबर त्या तासात सर्वांत नाजूक असते. आधी दहा मिनिटे घाटीवरून चालून यावे आणि मग पेटारे उचलावेत.

कंबरदुखी पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते आणि तिला लांबवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय नियमित चालणे हा आहे. ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चालण्याचा कार्यक्रम आखून दिलेल्यांना पुन्हा दुखणे सुरू होण्यास लागलेल्या दिवसांचा मध्यक (म्हणजे सर्वांना क्रमाने मांडल्यावर मधला आकडा) २०८ होता, तर बाकीच्यांचा ११२. त्यांचे उद्दिष्ट आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास चालण्याचे होते आणि तिथवर ते हळूहळू पोहोचले. तरीही एखाद्या सकाळी कुल्ल्यात ओळखीची ओढ जाणवलीच, तर ती पोटरीत उतरण्याची वाट पाहू नये. त्याच दिवशी पालथे झोपून सुरुवात करावी, दोन दिवस वाकण्याची कामे दुसऱ्यावर सोपवावीत आणि टाचांवर चालून ताकद एकदा तपासून घ्यावी.